व्होल्ट किती, आणि किती अंतरात?

डास मारायची रॅकेट हातात घेऊन जाळीकडे जवळून बघा. जाळी एक दिसते, पण असतात तीन. बाहेरच्या दोन एकमेकींना जोडलेल्या, मधली एकटी वेगळी. बटण दाबलं की मुठीतल्या बॅटरीचे तीन-चार व्होल्ट तिथलंच छोटं सर्किट वाढवत नेतं आणि बाहेरची जाळी व मधली जाळी यांच्यामध्ये दीड-दोन हजार व्होल्ट तयार होतात. बटण कितीही वेळ दाबून ठेवा, काही घडत नाही. मग एक डास आत शिरतो, चट्‌ असा आवाज होतो आणि निळसर ठिणगी पडते.

डास येण्याआधीही व्होल्ट तेवढेच होते. हवाही तीच होती. मग ठिणगी आत्ताच का पडली?

हिशोब मांडून बघू. जाळ्यांमधलं अंतर ५ मिलिमीटर आणि विभवांतर २,००० व्होल्ट धरू. म्हणजे दर मिलिमीटरला ४०० व्होल्ट आले. कोरडी हवा साधारणपणे मिलिमीटरला ३,००० व्होल्टपर्यंत तग धरते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हाच आकडा मीटरला ३० लाख व्होल्ट असा दिलेला असतो. ४०० तिच्या खिजगणतीतही नाहीत. पण डासाचं शरीर आतून ओलं असतं, वीज वाहून नेणारं. त्याची एक बाजू मधल्या तारेला टेकली आणि दुसऱ्या बाजूच्या पायापासून बाहेरच्या तारेपर्यंत पाव मिलिमीटर हवा उरली, तर सगळेच्या सगळे २,००० व्होल्ट त्या पाव मिलिमीटरवर येतात. मिलिमीटरला ८,००० झाले. इतक्या अरुंद फटीत हवेची सहनशक्ती एरवीपेक्षा बरीच वाढते, पण ८,००० तिलाही झेपत नाहीत. हवेचे रेणू फुटून विद्युतभारित होतात, फट वाहक बनते आणि ठिणगी पडते.

रॅकेटमध्ये दोन वेगळ्या राशी कामाला लागल्या आहेत. २,००० व्होल्ट हे विभवांतर. मिलिमीटरला किती व्होल्ट, हे विद्युत क्षेत्र. पहिली राशी बदलली नाही, दुसरी वीसपट झाली आणि डास मेला. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात विद्युत क्षेत्र पहिल्या प्रकरणात येतं आणि विभव दुसऱ्या. मधे इतकी उदाहरणं सोडवून होतात की दुसऱ्यापर्यंत पोचताना पहिलं मागे पडलेलं असतं, आणि मुलं दोन्हींची सूत्रं वेगवेगळी पाठ करतात. माझ्या मते या दोन गोष्टी एकाच बैठकीत, एकमेकींच्या शेजारी ठेवूनच समजावून घ्यायला हव्यात.

आधी व्होल्ट. १ कूलोम प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना १ ज्यूल कार्य घडत असेल, तर त्या दोन बिंदूंमध्ये १ व्होल्टचं विभवांतर आहे असं म्हणतात. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, म्हणजे त्याच्या एका टोकाकडून बाहेरच्या तारांतून फिरून दुसऱ्या टोकाला जाणारा प्रत्येक कूलोम वाटेत दीड ज्यूल ऊर्जा देऊन जातो. कूलोम ही काही किरकोळ गोष्ट नाही. त्यात सव्वासहा अब्ज गुणिले एक अब्ज इलेक्ट्रॉन मावतात. अलेस्सांद्रो व्होल्टा याने जस्त आणि दुसऱ्या धातूच्या चकत्या, मधे खारट पाण्यात भिजवलेले तुकडे, अशी चवड रचून १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे ठेवली. १८८१च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत त्याच्या नावाचं एकक मान्य झालं.

व्याख्येतले दोन शब्द सुटून जातात आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. पहिला शब्द 'प्रत्येक कूलोममागे'. व्होल्ट म्हणजे एकूण ऊर्जा नव्हे, दर कूलोमची ऊर्जा. हिवाळ्यात कोरड्या हवेत लोकरी स्वेटर डोक्यावरून काढल्यावर दाराच्या कडीला हात लावताना जो चटका बसतो, त्यावेळी अंगावर सहज पाच हजार व्होल्ट असू शकतात. पण प्रभार असतो जेमतेम अर्धा मायक्रोकूलोम. एकूण ऊर्जा ज्यूलच्या हजाराव्या भागाच्या आसपास भरते. बोट झटकून आपण कामाला लागतो. घरातल्या प्लगमध्ये २३०च व्होल्ट असतात, पण तिथे मागे वीजकेंद्र उभं आहे. कूलोममागून कूलोम येतच राहतात, म्हणून तो झटका जीव घेतो.

दुसरे शब्द 'दोन बिंदूंमध्ये'. इलेक्ट्रिशियनचा टेस्टर हे त्याचं उत्तम प्रात्यक्षिक आहे. पेचकसासारख्या त्या टेस्टरमध्ये एक निऑनचा छोटा दिवा आणि त्याच्या मागे मोठ्या रोधाचा रेझिस्टर असतो. टोक प्लगच्या फेजच्या भोकात घातलं तरी दिवा लागत नाही. मागच्या धातूच्या टोपीवर बोट टेकवलं की लागतो. फेज आधीपासून 'जिवंत' होती. पण दिव्याला दोन टोकं लागतात आणि दुसरं टोक जमिनीशी जोडायला आपलं शरीर मधे यावं लागलं. धारा इतकी थोडी की जाणवतही नाही. एकाच बिंदूला किती व्होल्ट आहेत असं विचारणाऱ्याला लगेच उलट विचारावं, कशाच्या तुलनेत? आपण ज्याला एका तारेचे व्होल्ट म्हणतो, तिथे दुसरा बिंदू न सांगता जमीन धरलेली असते.

आता क्षेत्र. हे डोळ्यांनी दिसावं म्हणून शाळा-कॉलेजांत एक जुना, फार सुंदर प्रयोग करतात. काचेच्या उथळ बशीत एरंडेल तेल ओततात आणि वर स्वयंपाकघरातला बारीक रवा भुरभुरवतात. तेलात धातूची दोन टोकं बुडवून त्यांना प्रयोगशाळेतल्या खास पुरवठ्याने काही हजार व्होल्ट देतात. (हा पुरवठा असा बनवलेला असतो की त्यातून धारा अगदीच थोडी निघते. घरी कशाच्याही जोडणीने हे करू नये.) पुरवठा सुरू झाल्यावर रव्याचे कण सुस्तावल्यासारखे हलतात, वळतात, एकमेकांच्या टोकाला टोक लावतात आणि एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या कमानी उमटतात. प्रत्येक कणाच्या एका बाजूला थोडा धन आणि दुसऱ्या बाजूला थोडा ऋण प्रभार सरकतो, आणि कण क्षेत्राच्या दिशेने फिरून उभा राहतो. टोकांऐवजी दोन समांतर पट्ट्या बुडवल्या तर मधल्या जागेत सरळ, सारख्या अंतराच्या रेषा येतात. कडेला मात्र त्या फुगून बाहेर वळतात. एका टोकाभोवती धातूचं कडं ठेवलं, तर कडं आणि टोक यांच्यामध्ये आऱ्यांसारख्या रेषा येतात. कड्याच्या आत टोक नसेल, तर आतला रवा होता तसाच विस्कटलेला राहतो. या शेवटच्या गोष्टीकडे परत येऊ.

मायकेल फॅरडेने अशा रेषांची कल्पना मांडली, तेव्हा तिच्यामागे एक धाडसी विचार होता. दोन प्रभार लांबून एकमेकांना ओढतात एवढं म्हणून तो थांबला नाही. मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेच्या प्रत्येक बिंदूला काहीतरी झालेलं असतं, असं त्याचं म्हणणं होतं. तिथे एखादा प्रभार आणून ठेवला तर त्याच्यावर किती बल लागेल आणि कुठल्या दिशेने, हे त्या बिंदूला आधीच ठरलेलं असतं. दर कूलोममागे जितके न्यूटन बल, तितकं तिथलं क्षेत्र. धन प्रभार ज्या दिशेला ढकलला जाईल ती क्षेत्राची दिशा. म्हणजे क्षेत्र एका बिंदूचं असतं आणि त्याला दिशा असते. विभवांतर दोन बिंदूंमधलं असतं आणि त्याला दिशा नसते, नुसती संख्या असते.

दोन्हींचं नातं पुण्या-मुंबईच्या रेल्वेप्रवासात दिसतं. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात, कारण पुढे खंडाळ्याच्या घाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर अशी चढण आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. पण गाडी लोणावळ्याच्या फलाटावर उभी असते तेव्हा त्या ६२० मीटरचा इंजिनाला काहीच त्रास नसतो; फलाट सपाट आहे. खरी ओढाताण घाटात, जिथे अंतर थोडं आणि उंचीतला फरक जास्त. विभव म्हणजे त्या जागेची उंची. क्षेत्र म्हणजे त्या जागेचा उतार. उंची मोजायला समुद्रसपाटी शून्य धरतात, तसं विभवासाठी आपण जमीन शून्य धरतो. शून्य कुठेही सरकवलं तरी उताराला फरक पडत नाही, आणि गाडीला उतारच जाणवतो.

नववी-दहावीच्या भूगोलात स्थलनिर्देशक नकाशावर समोच्च रेषा असतात. त्या जिथे दाटीने येतात तिथे कडा आणि जिथे विरळ तिथे पठार, हे आपण तेव्हाच शिकलो आहोत. विजेत त्यांच्या जागी समविभव रेषा येतात. त्या जिथे दाट, तिथे क्षेत्र प्रबळ. समोच्च रेषेवरून चालत राहिलं तर चढही नाही आणि उतारही नाही. सर्वांत तीव्र उतार तिला काटकोनात असतो. क्षेत्रही समविभव रेषेला नेहमी काटकोनात असतं आणि जास्त विभवाकडून कमी विभवाकडे रोखलेलं असतं. सूत्रात जे ऋण चिन्ह येतं आणि विद्यार्थी जे विसरतात, ते इतकंच सांगतं की क्षेत्राचा बाण उताराच्या दिशेला. इलेक्ट्रॉन ऋण असल्यामुळे तो उलटा, चढाकडे ओढला जातो.

क्षेत्र म्हणजे विभवाचा उतार, हे सिद्ध करायला दोन ओळी पुरतात. समांतर पट्ट्यांमध्ये सगळीकडे क्षेत्र सारखं. त्यात एक प्रभार एका पट्टीपासून दुसरीपर्यंत नेला तर कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, आणि बल म्हणजे प्रभार गुणिले क्षेत्र. तेच कार्य व्होल्टच्या व्याख्येने प्रभार गुणिले विभवांतर. दोन्हींकडचा प्रभार काढून टाकला की विभवांतर बरोबर क्षेत्र गुणिले अंतर. म्हणून क्षेत्राला दोन एककं आहेत, न्यूटन प्रति कूलोम आणि व्होल्ट प्रति मीटर, आणि ती तंतोतंत सारखी आहेत. पहिलं एकक बलाच्या बाजूने बघतं, दुसरं उताराच्या.

या दोन ओळींवर विसाव्या शतकातला एक फार मोठा प्रयोग उभा राहिला. १९०९च्या सुमारास शिकागोला रॉबर्ट मिलिकनने दोन आडव्या पट्ट्यांमध्ये तेलाचे सूक्ष्म थेंब सोडले आणि पट्ट्यांना काही हजार व्होल्ट लावले. थेंबावर एखाद-दुसरा जादा इलेक्ट्रॉन असेल तर क्षेत्र त्याला वर खेचतं आणि गुरुत्व खाली. मीटरला ३ लाख व्होल्टचं क्षेत्र असेल, तर एका इलेक्ट्रॉनच्या जोरावर सुमारे ५ पिकोग्रॅमचा थेंब अधांतरी राहू शकतो. व्होल्ट मोजता येतात, पट्ट्यांमधलं अंतर मोजता येतं, भागाकाराने क्षेत्र मिळतं आणि त्यावरून इलेक्ट्रॉनचा प्रभार. मिलिकनला १९२३ साली नोबेल मिळालं, त्याच्या कारणांत हा प्रयोग होता. आपण गणिताच्या वहीत करतो तोच भागाकार.

परीक्षेत हमखास अडवणारा प्रश्न आता घेऊ. क्षेत्र शून्य असेल तर विभवही शून्य असतं का? सारखे दोन धन प्रभार घ्या, प्रत्येकी १ नॅनोकूलोम, मधे २० सेंटिमीटर अंतर. बरोबर मध्यबिंदूवर दोघांची ढकल समान आणि विरुद्ध, म्हणून क्षेत्र शून्य. विभव मात्र प्रत्येकाचं ९० व्होल्ट आणि विभवांची नुसती बेरीज होते, म्हणून १८० व्होल्ट. दोन डोंगरांमधल्या खिंडीच्या माथ्यावर उभं राहिल्यासारखं आहे हे. पायाखाली सपाट, पण उंची भरपूर. आता त्यातला एक प्रभार ऋण करा. मध्यबिंदूवर विभव ९० वजा ९०, शून्य. क्षेत्र? दोघंही धन प्रभाराला एकाच दिशेला नेतात, म्हणून मीटरला १,८०० व्होल्ट. ही जागा समुद्रसपाटीच्या उंचीवर आहे, पण उभ्या कड्यावर. ही दोन चित्रं डोळ्यांपुढे आली की उत्तर पाठ करावं लागत नाही. विद्यार्थ्याला एकच आकृती द्यायची मुभा असती, तर मी हीच जोडी दिली असती.

आता पठाराकडे, म्हणजे वाहकाकडे. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. आत थोडंही क्षेत्र असेल तर ते सरकतात आणि क्षेत्र नाहीसं होईपर्यंत सरकत राहतात. ही हालचाल क्षणार्धात संपते. म्हणून स्थिर अवस्थेत वाहकाच्या आत उतार नाही, सगळा वाहक एकाच विभवाला. रव्याच्या प्रयोगात कड्याच्या आतले कण विस्कटलेले राहिले ते यामुळेच.

यातून एका विलक्षण गोष्टीचा उलगडा होतो. निरभ्र दिवशी मोकळ्या मैदानावर जमिनीलगत मीटरला सुमारे १०० व्होल्टचं क्षेत्र असतं, खाली रोखलेलं. पृथ्वीचा पृष्ठभाग ऋण प्रभारित आहे आणि वरची हवा धन. म्हणजे पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाच्या डोक्याच्या पातळीवर, तो तिथे नसताना, पायापेक्षा १७५ व्होल्ट जास्त असतात. झटका का बसत नाही? कारण माणूस तिथे उभा राहिला की त्याचं शरीर वाहक म्हणून जमिनीच्याच विभवाला येतं. समविभव पृष्ठभाग त्याच्या डोक्यावरून वळसा घालून जातात. डोक्यापासून पायापर्यंत उतार उरतच नाही. उलट डोक्याच्या अगदी वर ते पृष्ठभाग दाटतात आणि क्षेत्र वाढतं. आभाळ भरून आलं असताना उघड्या रानात उभा माणूस किंवा एकटं झाड धोक्यात का असतं, त्याचंही मूळ इथे आहे.

उतार प्रबळ व्हायला व्होल्ट जास्त लागतातच असं नाही. आपल्या शरीरातल्या चेतापेशीच्या आत आणि बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, पेन्सिल सेलच्या विसाव्या भागाइतका. पण पेशीचं आवरण सुमारे ७ नॅनोमीटर जाड. भागाकार केला तर मीटरला १ कोटी व्होल्ट येतात, हवेला फोडणाऱ्या क्षेत्राच्या तिपटीहून जास्त. आवरणातले प्रथिनांचे दरवाजे या क्षेत्राच्या बदलाने उघडतात आणि मिटतात, आणि हे वाक्य वाचताना तुमच्या मेंदूत तेच चाललं आहे.

उलट टोकाला मुंबईची लोकल. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्टच्या तारेखाली. गेल्या दशकात हे जाळं २५,००० व्होल्टवर गेलं. प्रत्यावर्ती धारेत शिखराला ते ३५,००० होतात. १,५०० व्होल्टना हवेतून उडी मारायला मिलिमीटरहून कमी फट लागायची. आताच्या तारेला सेंटिमीटरभर फटीतूनही ती मारता येते, आणि टोकदार वस्तू जवळ आली तर त्याहून लांबून. डब्याच्या टपावर चढलेल्या पोराने तारेला हात लावायची गरज नसते. रेल्वेचे स्वतःचे कर्मचारी तार चालू असताना तिच्या दोन मीटरच्या आत काम करत नाहीत.

मग ११ केव्ही वाहिनीच्या तारेवर बसलेला पक्षी सुखरूप कसा? त्याच्या दोन पायांमध्ये ५ सेंटिमीटर अंतर धरू, तारेत १०० अँपिअर धारा आणि तारेचा रोध किलोमीटरला पाव ओहम. ५ सेंटिमीटरचा रोध एका ओहमच्या ऐंशी हजाराव्या भागाइतका, आणि त्यावरचं विभवांतर सव्वा मिलिव्होल्ट. जमिनीच्या तुलनेत तो पक्षी सहा हजारांवर व्होल्टला बसलेला आहे, पण त्याच्या दोन पायांमध्ये उतार जवळजवळ नाही. ११ केव्ही वाहिनी म्हणतात त्यातले ११,००० व्होल्टही दोन तारांमधलेच आहेत. मोठ्या वटवाघळाचे पंख पसरले की मीटरभर होतात. ते एकाच वेळी दोन तारांना भिडतं आणि मरून लटकतं.

आणि हाच हिशोब जमिनीवर आला की माणसं आणि गुरं मरतात. वादळात वाहिनीची तार तुटून शेतात पडते. मातीचा रोध मोठा असल्याने कधीकधी धारा इतकी वाढत नाही की उपकेंद्रातला ब्रेकर लगेच पडेल, आणि तार तशीच जिवंत राहते. तार टोकाने जमिनीला टेकली आहे आणि २० अँपिअर धारा मातीत सगळ्या दिशांना पसरते आहे असं समजू. मध्यम प्रतीच्या मातीत, मीटरच्या मापात १०० ओहम रोधकता धरली तर, टोकापासून १ मीटरवर दूरच्या जमिनीच्या तुलनेत सुमारे ३२० व्होल्ट असतील. २ मीटरवर १६०. ४ मीटरवर ८०. ८ मीटरवर ४०. अंतर दुप्पट झालं की विभव निम्मं. आता मीटरभर लांबीचं पाऊल टाका. एक पाय १ मीटरवर आणि दुसरा २ मीटरवर असेल तर दोन पायांत १६० व्होल्ट. तेच पाऊल १० मीटरवर टाकलं तर ३ व्होल्टही नाहीत. तारेला कोणी हात लावलेला नाही, तरी जवळच्या माणसाच्या एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरणारी धारा त्याला खाली पाडते, आणि पडला की हात टेकतात, अंतर वाढतं, छातीतून वाट मिळते.

बैलाचं त्याहून वाईट. त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर, म्हणजे याच तारेजवळ १९० व्होल्ट, आणि हृदय नेमकं त्या वाटेवर. झाडावर वीज कोसळते तेव्हा धारा ३०,००० अँपिअरच्या घरात असते. तोच हिशोब केला तर झाडापासून १० मीटरवर उभ्या असलेल्या गाईच्या पुढच्या-मागच्या पायांत सहा हजारांहून जास्त व्होल्ट येतात. मराठवाड्यात, विदर्भात मे-जूनमध्ये झाडाखाली आसऱ्याला थांबलेली गुरं एकदम दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांतल्या कित्येकांच्या अंगाला वीज थेट शिवलेलीही नसते. माझ्या मते हा धडा भौतिकशास्त्राच्या पुस्तकात कूलोमच्या नियमाइतक्याच ठळकपणे छापायला हवा, आणि तो गावातल्या शाळेत पावसाळ्याआधी शिकवला जायला हवा.

म्हणून तुटलेली तार दिसली तर तिच्याकडे जाऊच नये, आणि जवळ सापडलो असू तर लांब ढांगा टाकून पळू नये. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता घासत, इंच इंच सरकत निदान दहा मीटर दूर जावं. पाय जुळलेले असले की दोन्हींच्या मधलं अंतर जवळजवळ शून्य, मग उतार कितीही असो, फरक येत नाही. गुरांना सोडवायला धावू नये. १९१२ला फोन करून वीज बंद करायला लावावी. तार ट्रॅक्टरवर किंवा गाडीवर पडली असेल तर आतच बसून राहावं, कारण गाडीचा पत्रा आणि आपण एकाच विभवाला असतो. जीव जातो तो उतरताना, एक पाय जमिनीवर आणि हात अजून पत्र्यावर असतो तेव्हा. आग लागली आणि बाहेर पडणं भागच असेल, तर पत्रा पूर्ण सोडून दोन्ही पाय जोडून उडी मारावी, एकदम दोन्ही पायांवर उतरावं आणि तसंच पाय जुळवून घासत दूर व्हावं.